आधण येण्याआधी

टुटलिंगेनमध्ये डोनाउ अजून लहान आहे.
पुलाच्या या टोकाला बोलणं सुरू केलं
तर वाक्य संपायच्या आत पलीकडचा काठ येतो.
थोडं वरच्या अंगाला, उन्हाळ्यात,
ती चुनखडीच्या भेगांत शिरून नाहीशीच होते;
कोरड्या पात्रात मुलं सायकली चालवतात.

याच गावात बाबांनी एकतीस वर्षं
शस्त्रक्रियेच्या कात्र्या घासल्या.
आधी पट्टा, मग ताग, मग सुती चाक, हिरवी पेस्ट.
घरी यायचे तेव्हा नाकपुड्यांच्या कडा काळ्या,
त्यांचा टॉवेल आई वेगळा वाळत घालायची.
चोरुमहून आलेला इल्यास.
जर्मन त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत खडबडीतच राहिली,
पण मुकादम क्नेपले कात्री उजेडात धरायचा
आणि काही न बोलता पुढच्या पेटीत टाकायचा,
ते न बोलणं त्यांना नीट कळायचं.

मी काहीच घासत नाही.
माझ्यापुढे पावाच्या डब्याएवढी काचेची टाकी,
तिच्यात संथ वाहणारं फॉस्फरिक आम्ल,
आम्लात बुडालेली टायटॅनियमची पट्टी,
कुणाच्या तरी जबड्यासाठी छापलेली.
अंगभर अर्धवट वितळलेले कण,
ओल्या बशीत साखर सांडावी तसे.
वरून लेझर उतरतो. ठिणगी नाही, आवाज नाही.
कापत नाही, जाळत नाही,
एक ठिपका तेवढा तापवतो
आणि त्या ठिपक्यापुरती
आम्लाला भूक लागते.

मेख आहे ती तापात.
कमी पडला तर कण जागच्या जागी, हट्टी.
जास्त झाला तर आम्लाला आधण येतं,
बुडबुडा धरतो,
धातूला चिकटून बसतो
आणि त्याच्या आडोशाला खरखर तशीच उरते.
आई दुधापाशी उभी राहायची
तशी मी आधणाच्या अलीकडे तासन् तास बसते,
वॅटचा दशांश पुढे,
दशांश मागे.

घरच्यांना कारखाना दाखवतात त्या शनिवारी
बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, अपुरा श्वास.
टाकीसमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले,
"सुरू कधी होणार?"

सुरूच होतं.

"आणि निघालेला धातू? तो कुठे जातो?"
विरघळतो, म्हटलं. आम्लातच.
"म्हणजे उडत नाही."
नाही.
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
सवयीने नाक पुसलं, रुमाल पाहिला.
पांढरा.

मग मी तयार पट्टी त्यांच्या हातात दिली.
वाटलं, आता उजेडात धरतील.
त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले
आणि अंगठ्याचं नख कडेवरून नेलं,
वळणावरून, जाळीपाशी, परत.
चौथ्या भोकाशेजारी नख थांबलं.
"इथे," म्हणाले, "घाई झालीय."

मोजून पाहिलं:
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा उंचवटा.
गुरुवारची रात्रपाळी, शेवटची पट्टी.
अकराची बस चुकेल म्हणून मी पॉवर
जराशी वाढवली होती.
नोंदवहीत लिहिलं नव्हतं.
इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते
की या कामात आता माणसाचा हात उरलेला नाही.

"चाक आण," बाबा म्हणाले, "दोन मिनिटांत काढतो."
इमारतीत चाक नव्हतं.
मी पट्टी पुन्हा टाकीत बसवली,
झाकण लावलं, पॉवर उतरवली,
बसवली होती त्याहूनही एक घर खाली.
त्यांना स्टूल दिलं, ते बसले नाहीत.
वहीत मी तारीख टाकली आणि पुढे लिहिलं: बुडबुडा. चूक माझी.
"किती वेळ?"
चाळीस मिनिटं.
"बरं."

काचेमागे काहीच हलत नव्हतं.
आम्ही दोघं बघत उभे राहिलो.